न धुतलेला तांदूळ, फुटलेलं नारळाचं दूध आणि चुन्यातला मका

परदेशी पदार्थ घरी फसला की दोष साहित्यावर जातो. अमुक चीज मिळालं नाही, तमुक सॉस नव्हता. खरं कारण पुष्कळदा हाताची सवय असते. तांदूळ घेतला की धुवायचा, छोले भिजवले की कुकरला लावायचे, नारळाचा रस घातला की आच मंद करायची, मका गिरणीतून कोरडाच दळून आणायचा. आपल्या स्वयंपाकात या प्रत्येकाला कारण आहे. पण फलाफल (छोल्यांचे अरबी वडे), थाई ग्रीन करी, मेक्सिकन तोर्तिया आणि रिसोत्तो (इटालियन मऊ भात) नेमकं उलट मागतात. पाककृतीत ती ओळ इतकी साधी लिहिलेली असते की वाचूनही हात आपलंच खरं करतो.

फलाफल आधी घेऊ, कारण त्यात चूक लपत नाही. गोळा तेलात सोडला की अर्ध्या मिनिटात कढईत भुगा. असं झालं तर बहुतेक वेळा छोले शिजवलेले असतात. (डब्यातले छोलेही शिजवलेलेच.) शिजलेल्या छोल्यातला स्टार्च आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो. तेलात गेल्यावर पकड धरायला त्याच्याकडे काही उरत नाही, उलट आतल्या पाण्याची वाफ गोळा फोडते. मग लोक बेसन घालतात, ब्रेडचा चुरा घालतात आणि तयार होतं ते छोल्यांचं कटलेट. फलाफलला कच्चे, नुसते भिजवलेले छोले लागतात. त्यांचा स्टार्च तेलातच शिजतो आणि शिजता शिजता गोळा बांधतो. हरभऱ्याची डाळ भिजवून, भरड वाटून वडे तळताना आपण हेच करतो, तेव्हा डाळ शिजवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

२५० ग्रॅम छोले भरपूर पाण्यात १८ ते २४ तास भिजवा. उन्हाळ्यात पातेलं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास लागतो. भिजवताना सोडा घालू नका, त्याने छोले नको तितके मऊ पडतात. उपसल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि मग स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे करा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण पुढचं निम्मं यश इथे आहे. एक मध्यम कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, ५० ग्रॅम कोथिंबीर (पार्सली मिळाली तर निम्मी-निम्मी), दोन छोटे चमचे धनेपूड, तितकीच जिरेपूड आणि दीड छोटा चमचा मीठ. कांदा वेगळा बारीक करून पिळून घ्या. सगळं मिक्सरमध्ये पाण्याचा थेंबही न घालता, थांबत थांबत फिरवा. जाड रव्याइतकं रवाळ व्हायला हवं. पेस्ट झाली तर फलाफल आतून गिच्च होतं, फार भरड राहिलं तर सुटतं. मुठीत दाबून पाहा: गोळा राहिला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. तासभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर तळायच्या अगदी आधी मिसळा, आधी घातली तर तिचा जोर वाया जातो.

तेल १७५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर ब्रेडचा तुकडा टाकून पाहा, साधारण ५० सेकंदांत तो सोनेरी झाला पाहिजे. ३० ग्रॅमचे, किंचित चपटे गोळे चार मिनिटं तळा आणि पहिलं मिनिट झारा लावू नका. बाहेरचं कवच धरण्याआधी हलवलं तर कडा सुटतात. एका वेळी सहापेक्षा जास्त सोडले की तेल गार पडतं, गोळे तेल पितात आणि फुटतातही. या मापात बावीस-चोवीस होतात. इजिप्तमध्ये हाच पदार्थ ‘ताअमिया’ म्हणून सोललेल्या, वाळवलेल्या बाकल्यांचा करतात. तिथे हिरवा पाला जास्त असतो आणि आतला रंग गडद हिरवा येतो.

सोबत ताहिनीचा, म्हणजे वाटलेल्या तिळांचा, सॉस हवा. विकतची ताहिनी महाग पडते आणि घरची सोपी आहे, फक्त तीळ पॉलिशचे पांढरे घ्या. सालासकट गावरान तिळांची ताहिनी कडू होते. २५० ग्रॅम तीळ मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. वास सुटला पाहिजे, रंग बदलता कामा नये. चिक्कीसाठी भाजतो तेवढे भाजले तर सॉस तपकिरी आणि उग्र होतो. गार झाल्यावर आधी कोरडेच वाटा, मग दोन-तीन पोह्याचे चमचे बिनवासाचं तेल घालून, मिक्सरला मध्ये मध्ये विश्रांती देत, एकूण सात-आठ मिनिटं. ओघळेल इतकी पातळ झाली की झाली. सॉससाठी दोन लसूण पाकळ्या ठेचून दोन कागदी लिंबांच्या रसात दहा मिनिटं ठेवा आणि रस गाळून घ्या. आंबटपणात लसणाचा कच्चट तिखटपणा वाढत नाही. त्यात १०० ग्रॅम ताहिनी आणि मीठ घाला. आता ती एकदम घट्ट होऊन गोळा बनेल. इथेच घाबरून लोक तेल ओततात. तेल नको, बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने घालत घोटत राहा. पाचव्या-सहाव्या चमच्याला गोळा सुटतो, रंग पांढुरका होतो आणि सॉस दह्यासारखा सरसरीत येतो.

तोर्तियाचं काम यापेक्षा मोठं आहे आणि त्याबद्दलचा गैरसमजही मोठा. मॉलमध्ये तोर्तिया म्हणून मिळतात त्या बहुतेक मैद्याच्या. गव्हाच्या तोर्तिया उत्तर मेक्सिकोत खरंच खातात, पण मूळ तोर्तिया मक्याची. ती मक्याच्या पिठाची भाकरी नव्हे. आपल्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नाही, म्हणून आपण उकड काढतो किंवा गरम पाण्यात मळतो, तरी भाकरी दुमडली की तडकते. तोर्तिया मात्र गार झाल्यावरही घडी पडते. फरक चुन्याचा आहे.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन ओलाच वाटायचा, या प्रक्रियेचं नाव निश्तामाल. शब्द नाहुआत्ल भाषेतला: ‘नेश्त्ली’ म्हणजे राख आणि ‘तामाल्ली’ म्हणजे मक्याचं शिजवलेलं पीठ. राखेचं पाणीही चालायचं, कारण हवा असतो तो क्षार (अल्कली). तो दाण्याचं साल सोडवतो, दाण्याच्या भिंतीतले चिवट धागे विरघळवून त्यांचा डिंकासारखा चिकटा करतो आणि पीठ बांधलं जातं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही अशा रूपात अडकलेलं असतं, तेही क्षाराने मोकळं होतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला, चुना मात्र तिथेच राहिला. मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार पसरला. स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याची लक्षणं नोंदवली, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी करायचं तर आधी मका नीट निवडा. वाळलेला, मोठ्या दाण्याचा, पांढरा किंवा पिवळा. स्वीट कॉर्न नाही, पॉपकॉर्नचा नाही, आणि बियाण्याचा तर मुळीच नाही. पेरणीच्या मक्याला औषध लावलेलं असतं, धुऊनही तो खाण्याजोगा होत नाही. चुना पानाबरोबर खातात तोच, साधा पांढरा, बिनवासाचा. रंगाचा चुना किंवा चुनकळी घेऊ नका. ५०० ग्रॅम मक्याला कोरडी चुन्याची पूड ५ ग्रॅम, म्हणजे मक्याच्या एक टक्का. ओला चुना असेल तर १० ते १२ ग्रॅम. जास्त झाला की पिठाला साबणासारखी चव येते आणि ती कशानेच जात नाही. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो.

दीड लिटर पाण्यात चुना कालवून मका घाला. दाणे लगेच गर्द पिवळे दिसू लागतात. उकळी आली की आच कमी करून ३० ते ४० मिनिटं नुसतं रटरटू द्या. एक दाणा काढून बोटांनी चोळा, साल सुटलं पाहिजे. मग तो कापा: मधोमध बारीकसा पांढरा, कच्चा ठिपका दिसायला हवा. तो गेला असेल तर मका जास्त शिजला, आणि वाटल्यावर पीठ लगदा होणार. कुकर वापरणारे इथेच फसतात. गॅस बंद करून झाकून आठ ते बारा तास ठेवा. सकाळी पाणी टाकून दोन-तीनदा चोळून धुवा. सगळी सालं काढायच्या मागे लागू नका, थोडी राहिलेली बरी, त्यांच्यातच चिकटा असतो.

वाटण हा घरातला खरा अडथळा. मेक्सिकोत हे काम ‘मेताते’ या दगडावर होतं. तो म्हणजे तीन पायांचा, उतरता पाटाच, वरवंट्यासकट. ज्यांच्याकडे पाटा-वरवंटा अजून माळ्यावर गेलेला नाही त्यांनी थोडा मका त्यावर वाटून पाहावा, पीठ मिक्सरपेक्षा सरस येतं. मिक्सरमध्ये एका वेळी २०० ग्रॅमच घ्या आणि पाणी तीन-चार चमच्यांवर जाऊ देऊ नका. जास्त पाण्याने वाटण छान होतं, पण पीठ थापता येत नाही. सैल झालंच तर सुती फडक्यावर अर्धा तास पसरा, पाणी शोषलं जातं. निश्तामालचं तयार पीठ, ‘मासा हरिना’, मिळालं तर दोन चमचे मिसळा. साधं मक्याचं पीठ घालून घट्ट करू नका, तडे जातात. आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, त्याचा इथे काही संबंध नाही.

पाच मिनिटं मळून, ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा. ३० ग्रॅमचा उंडा दाबून पाहा. कडा फाटल्या तर पाण्याचा हात लावा, तळव्याला चिकटला तर पीठ ओलं आहे. प्लॅस्टिकची जाड पिशवी कापून तिच्या दोन तुकड्यांमध्ये उंडा ठेवा आणि सपाट बुडाच्या जड पातेल्याने दाबा. १४ सेंटिमीटरची चकती व्हायला हवी. लाटणं फिरवलं तर कडा पातळ आणि मध्य जाड राहतो. बिडाचा तवा चांगला सणसणीत तापवा. पहिली बाजू २० सेकंद, उलटून दुसरी एक मिनिट, पुन्हा उलटून बोटाने मध्ये हलकंच दाबा: तोर्तिया टम्म फुगते. फुगली नाही तर तवा गार, चकती जाड किंवा पीठ कोरडं, या तिन्हींपैकी एक. तव्यावरची तोर्तिया कडक वाटते, म्हणून लगेच चव घेऊन निराश होऊ नका. फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, तिच्याच वाफेने ती मऊ होते. ५०० ग्रॅम मक्यात तिसेक होतात. त्यांच्याबरोबर टोमॅटो, कांदा, लसूण आणि मिरच्या त्याच तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात जाडसर ठेचा, वर मीठ आणि लिंबू. एवढी साल्सा पुरे. चीज किसून घालायची घाई नको.

ग्रीन करीत उलटा हात नारळाच्या रसाला लावावा लागतो. मालवणी किंवा गोव्याच्या कालवणात रस फुटू नये म्हणून आच मंद करतात, ढवळत राहतात. थाई करीत पहिला, दाट रस मुद्दाम फोडायचा असतो, कारण वाटण त्या सुटलेल्या खोबरेलात परतायचं असतं. तसं केलं नाही तर मसाला उकडला जातो, गवती चहाचा आणि मिरचीचा वास कच्चा राहतो आणि करीवर हिरवं तेल तरंगत नाही. डब्यातल्या बऱ्याच रसांमध्ये तो फुटू नये म्हणूनच पदार्थ घातलेले असतात, कितीही आटवला तरी तेल सुटत नाही. तिथे हट्ट न धरता दोन चमचे तेल घालून वाटण परता. घरचा रस मात्र हमखास फुटतो: दोन नारळ खवा, पाऊण वाटी गरम पाण्यात वाटून पहिला रस पिळा, चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून दुसरा. दोन्ही वेगळे ठेवा.

वाटणात साधारण पंधरा हिरव्या मिरच्या, त्यांतल्या निम्म्या लवंगी. गवती चहाच्या तीन काड्या, पण पात नव्हे, ती चहासाठी ठेवा. इथे लागतो तो बुडाजवळचा आठ-दहा सेंटिमीटरचा पांढरट, कांद्यासारखा भाग, बाहेरची साल काढून. एक इंच ताजं गलंगल. त्याऐवजी आलं घातलं तर चव वेगळ्याच दिशेला जाते, नसेल तर निम्म्या मापाने घाला आणि फरक मान्य करा. मखरूट लिंबाची (काफिर लाइमची) साल थोडी. पाच-सहा कोथिंबिरीची मुळं, घासून धुतलेली. आपण ती जुडीतून तोडून टाकतो, पण थाई वाटणाचा पाया त्यांच्यावर आहे. सहा लसूण पाकळ्या, चार सांबार कांदे, भाजलेले धने एक छोटा चमचा, जिरं अर्धा, पांढरी मिरी अर्धा. कोळंबीची आंबवलेली पेस्ट, ‘गपी’, एक छोटा चमचा. ती नसेल तर चांगला भाजलेला सुका जवळा कुटून घाला. आंबलेपणा येत नाही, समुद्राचा वास येतो. खलबत्त्यात आधी कोरडे मसाले, मग चिवट गोष्टी मिठाबरोबर, शेवटी कांदा-लसूण. मिक्सरमध्ये पाणी घालावंच लागलं तर त्याऐवजी रसाचे दोन चमचे घाला. रंगासाठी जुडीभर कोथिंबीर आणि पुदिना घालायची एक पद्धत आपल्याकडे पडली आहे. तिने हिरवी चटणी होते, ग्रीन करी होत नाही.

दाट रस मध्यम आचेवर पाच ते आठ मिनिटं आटवा. बुडबुड्यांचा आवाज बदलून चरचर ऐकू येते, कडेला तेल दिसतं. वाटण घालून तीन-चार मिनिटं परता, तेल हिरवं झालं पाहिजे. ४०० ग्रॅम चिकन, मांडीचं, बिनहाडाचं, त्यात घोळवा. दुसरा रस, दोन मोठे चमचे फिश सॉस आणि एक चमचा फिकट गूळ घाला. छोटी हिरवी वांगी चिरून मिठाच्या पाण्यात ठेवलेली असतील ती आता घालून आठ-दहा मिनिटं, झाकण न ठेवता. झाकलं की हिरवा रंग मावळतो. गॅस बंद केल्यावर थाई बेसिलची पानं. कुंडीत सब्जा असेल तर त्याचीच पानं खुडा, दोन्ही एकाच जातीची झाडं आहेत. देवघरातली तुळस वेगळी. तिचंच भावंड थायलंडमध्ये ‘पाद क्रा पाव’ या परतलेल्या पदार्थात पडतं, या करीत नाही.

रिसोत्तोबद्दल थोडक्यात. तांदूळ धुवायचा नाही. दाण्यावरची पांढरी भुकटी हाच सॉस. आर्बोरिओ किंवा कार्नारोली हा इटालियन तांदूळ ३०० ग्रॅम, लोण्यात परतलेल्या बारीक कांद्यावर कोरडाच दोन-तीन मिनिटं भाजा, दाणा हाताला गरम लागेपर्यंत. मग १०० मिली पांढरी वाइन (नको असेल तर शेवटी लिंबाचे थेंब), आणि उकळता स्टॉक एक एक डाव. गार स्टॉक घातला की शिजणं दर वेळी थांबतं आणि दाणा बाहेरून पिठाळ, आत कच्चा राहतो. सोळा-अठरा मिनिटांत दाण्याच्या मध्यात किंचित चावा उरला की गॅस बंद. ५० ग्रॅम गार लोणी आणि ६० ग्रॅम किसलेलं पार्मेसान जोरात घोटून घाला. ताटलीत ओतल्यावर तो पसरला पाहिजे, मूद उभी राहिली तर डावभर स्टॉक घाला. इंद्रायणी वापरावा का? दाणा मध्यात टिकत नाही. होतो तो उत्तम गुरगुट्या भात, लोणच्याबरोबर खावा.

शेवटचा पदार्थ काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरीचा इटालियन पास्ता. त्यात आच आड येते. उकळत्या पास्त्यावर चीज टाकलं की त्याची रबरी गुठळी होते. यावर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि २०२५ साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. उपाय सोपा: चिजाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च. दोघांसाठी २४० ग्रॅम स्पॅगेटी आणि १६० ग्रॅम पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज). ४ ग्रॅम कॉर्नफ्लोअर ४० मिली पाण्यात शिजवून खळ करा, निवल्यावर थोड्या गार पाण्याबरोबर चीज घालून मिक्सरमध्ये फिरवा. काळी मिरी तव्यावर भाजून भरड कुटा. पास्ता उपसा, एक मिनिट थांबा आणि मग सॉस घाला, गॅस बंदच ठेवून. घट्ट वाटला तर पास्त्याचं कोमट पाणी चमचाभर. ते पाणी मोरीत ओतायची घाई करू नका.